मोटरचा पाळणा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

माझी मुलगी दीड महिन्याची होती. एका दुपारी तिला मोटरच्या झोक्यात ठेवून मी कुकर लावायला गेले. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून आले, तर ती गाढ झोपलेली. झोका संथ चालू होता. लांबून सगळं छान दिसत होतं. जवळ वाकले तेव्हा दिसलं, मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली होती आणि श्वासाबरोबर बारीक घुरघुर येत होती. पट्टा सोडून तिला उचललं, गादीवर उताणी ठेवली. घुरघुर लगेच थांबली. तेव्हापासून ओळखीत कुणाकडे पाळणा हलला की मी सगळ्यात आधी हेच सांगते.

झोका म्हणजे झोपायची जागा नव्हे

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती आपण सगळेच करतो, कारण बाळ झोपावं म्हणूनच तर आपण झोका आणतो. पण नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत धरत नाही. खुर्चीसारख्या तिरप्या झोक्यात झोप लागली की मान पुढे पडते आणि आधीच अरुंद, मऊ असलेली श्वासाची वाट दुमडते. बाळाला स्वतःहून डोकं वर करता येत नाही. आणि श्वासच अडकला की रडण्याचा आवाजही येत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत कान देऊन भागत नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये फिशर-प्राइस या कंपनीच्या 'स्नूगा' झोक्यांबद्दल रिकॉल निघाला, म्हणजे धोका दिसल्यावर विकलेल्या मालाबद्दल निघते ती जाहीर सूचना. वीस लाखांहून जास्त झोके. २०१२ ते २०२२ या काळात एक ते तीन महिन्यांची पाच बाळं त्यांत झोपलेली असताना दगावली होती. त्यांतल्या बहुतेकांना पट्टा लावलेला नव्हता आणि झोक्यात वरून पांघरुणं वगैरे ठेवलेली होती. त्याच देशात २०२२ च्या कायद्याने, १० अंशांहून जास्त उतार असलेली बाळाला झोपवण्याची साधनं विकायलाच बंदी आहे.

म्हणून डोळा लागला की उचलायचं आणि सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवायचं. 'पण मग ते उठतं हो!' हे मला प्रत्येक आई सांगते. उठतं, खरं आहे. पेंग यायला लागली की वेग एकदम कमी करा, दोन मिनिटांनी झोका थांबवा आणि मग उचला. गादीवर ठेवल्यावर तळहात थोडा वेळ छातीवर राहू द्या. रोज नाही जमत, पण आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी जमायला लागतं.

हाताने पाळणा हलवताना आपला हात दमतो, डोळे बाळावर असतात. मोटर दमत नाही आणि बघतही नाही. त्यामुळे टायमर नसलेला झोका घेऊच नका. एका वेळी वीस-तीस मिनिटं पुष्कळ झाली, तीही आपण समोर असताना.

'पाळणा' या एका शब्दात तीन वस्तू

दुकानात 'ऑटोमॅटिक पाळणा' म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी दाखवतात: तिरपा खुर्चीसारखा झोका, सपाट तळाचा मोटर लावलेला पाळणा आणि स्प्रिंगला टांगलेली कापडी झोळी. घरात एकच काहीतरी घ्यायचं असेल तर माझं मत सपाट तळाच्या पाळण्याला.

आपल्याकडे झोळी जास्त चालते आणि तिथल्या चुकाही जास्त, म्हणून त्याबद्दल नीट सांगते. पहिली चूक हुकाची. खिडकीची ग्रिल, पीओपीचं छत, पडद्याचा रॉड यांना झोळी टांगू नका. स्लॅबमधला पक्का हुक हवा, आणि बाळाला ठेवण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी लोंबकळून तो तपासावा. स्प्रिंगच्या शेजारून एक जाड दोर किंवा साखळी सैलसर बांधा. स्प्रिंग तुटलीच तर झोळी त्यावर तोलली जाते. झोळी गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि खाली गादी अंथरा. आडवी काठी काढून टाकू नका, तिच्यामुळेच कापड पसरलेलं राहतं. काठी नसली की कापड दोन्ही बाजूंनी मिटतं, बाळ गोळा होतं आणि नाकाशी कापड येतं. काठी असली तरी झोळीचा तळ खोलगट असतोच, तेव्हा रात्रभराच्या झोपेसाठी झोळी नाही.

दुसरी चूक वजनाची. डब्यावरचं जास्तीत जास्त वजन सगळे वाचतात, कमीत कमी कुणी विचारत नाही. कडक स्प्रिंगवर तीन किलोचं बाळ नीट झुलत नाही, नुसते गचके बसतात. मग आपण वेग वाढवतो आणि गचके आणखी वाढतात.

घरातली मोठी माणसं म्हणतात, रिकामा पाळणा हलवू नये. त्यांचं मन मोडू नका. तीन किलो तांदळाची पिशवी दुपट्यात बांधून ठेवा आणि सगळ्यात कमी वेगावर अर्धा तास चालवून बघा. गचके, कटकट आवाज, एका बाजूला कलणं, गरम होणारी मोटर, सगळं त्या अर्ध्या तासात कळतं.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका

मोहरीची उशी डोक्याखाली ठेवली की डोकं आणखी पुढे ढकललं जातं. ती झोक्यात नको, आणि झोपतानाही नको. जाड दुपटं, मऊ खेळणी, बाजूचे लोड नकोत. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत आधी काढा, पट्ट्यात अडकू शकतो. दूध पाजल्या पाजल्या झोका नको. खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिरप्या झोक्यात बसवूच नका.

काही बिघडलं तर

झोका सुरू होऊन लगेच थांबत असेल तर आधी पाय जमिनीवर समपातळीत आहेत का बघा. फरशीच्या उतारामुळे असं होतं. बॅटरीवर चालणारा असेल तर सेल उतरल्यावरही हेच होतं. एका बाजूला कलत असेल तर बाळ मधोमध बसलंय का आणि पट्टे दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहा. झोळीतून नवा करकर आवाज यायला लागला तर तेल घालून वेळ मारून नेऊ नका. हुक, कडी आणि स्प्रिंगची टोकं उजेडात तपासा. वेटोळ्यांत कुठे फट वाढलेली दिसली तर स्प्रिंग बदला. स्विच चालू असताना लाइट गेली, तर लाइट परत आल्यावर झोका आपोआप आधीच्या वेगाने सुरू होतो का, हे तांदळाच्या पिशवीवरच एकदा बघून ठेवा. होत असेल तर लाइट गेल्याबरोबर स्विच बंद करायची सवय लावा.

मोटर थांबली की बाळ दचकून उठत असेल तर त्याला हलण्याची सवय लागलीय. दर तीन-चार दिवसांनी वेग एक पायरी खाली आणा.

बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी काढायची. आधाराशिवाय बसायला किंवा बाहेर वाकायला लागलं की खुर्चीचा झोकाही बंद, वजनाची मर्यादा शिल्लक असली तरी. पुढे कुणाला द्यायचा असेल तर पट्टे, बकल आणि माहितीपुस्तिका सोबत द्या. एक जरी बकल तुटलेलं असेल तर देऊ नका.