एकाच किमतीचे दोन लॅपटॉप : कुठला घ्यायचा ते असं ठरवा

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की खानापूर, निपाणी, संकेश्वर, सगळीकडून मला दोन-दोन लेबलांचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो : "दादा, दोन्ही रायझन फाइव्हच हाय की, मग स्वस्तातला घिऊ काय?" बजेट ठरलंय, काम ठरलंय आणि गाडी दोन मॉडेलांवर येऊन अडलीय, असं धरूनच पुढचं लिहितो.

बॅग, माउस, अँटीव्हायरस, झाकणाचा रंग, कॅमेरा हे आधी खोडून टाका. यांच्यावर निर्णय घ्यायचा नाही.

आता प्रोसेसर. सगळा घोळ इथे होतो, आणि मलाही हे नीट कळायला बराच वेळ लागला. स्टिकरवर एएमडी कंपनीचा 'रायझन ५' किंवा इंटेलचा 'कोअर आय५' एवढंच असतं. ते आडनाव झालं. सगळे पाटील काही एका घरचे नसतात. तुम्हाला पूर्ण नंबर हवा. दुकानात सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट उघडा, तो तिथे दिसतो. दुकानदार "दोन्ही सेमच आहेत" म्हणाला तरी उघडाच.

एक खरी जोडी घ्या. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. नंबरात फरक फक्त दहाचा. पण पहिल्यात ४ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, आहेत आणि त्यांची रचना 'झेन २', म्हणजे २०१९ सालची. दुसऱ्यात ६ कोअर, रचना 'झेन ३'. चार वर्षं कॉलेजात वापरायच्या यंत्रात हा फरक रोज जाणवतो. एएमडीच्या २०२३ पासूनच्या चार आकडी नंबरांत पहिला आकडा वर्षाचा असतो आणि तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. ७५२० मधला तिसरा आकडा २, ७५३० मधला ३, ७६४० मधला ४. सुरुवातीचा ७ बघून "नवीन आलंय" असं समजू नका; माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फोटोंत लोक इथेच फसत असतात. अलीकडच्या तीन आकडी नावांना हा नियम लागत नाही. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नंबरचं पान उघडून कोअर किती आणि रचना कुठली ते वाचा.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघायचं. आय५ १३३५यू मध्ये १० कोअर, आय५ १२४५०एच मध्ये ८. दुकानात सांगतात, दहा आहेत म्हणजे दहावालाच भारी. पण त्या दहांत मोठे, ताकदीचे कोअर दोनच आहेत, बाकी आठ छोटे. आठवाल्यात मोठे चार आहेत. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त काम ओढणारा. इंजिनीअरिंगला आहे, ड्रॉइंग आणि कोडिंग करायचंय, खोलीवर प्लग आहे, तर एच घ्या. बी.कॉम.ची पोर आहे, एस.टी.नं ये-जा करते, आणि पावसाळ्यात जांबोटीकडे तास-तास वीज नसते, तर डोळे झाकून यू. आय३ एन३०५ दिसला तर त्यातले आठही कोअर छोटेच आहेत हे लक्षात असू द्या. टायपिंग आणि ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तरच तो.

"ग्राफिक्स कार्डवालाच घे, पुढं लागतंय" हा सल्ला तर मला ऐकवत नाही. गेम किंवा थ्रीडीचं काम नसेल तर त्याचे पैसे रॅममध्ये घाला.

रॅम १६ जीबी. पण ८ वर भागवून नंतर वाढवायचा विचार असेल, तर दुकानातच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि उघडलेल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'एसओडीआयएमएम' लिहिलं असेल तर पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. मग जोडीला रिकामा स्लॉट आहे का, हे कंपनीच्या पानावर तपासा. वरच्या ७५२०यू मध्ये हा प्रश्नच नाही, त्यातली रॅम डकवलेलीच असते. ८ घेतली तर शेवटपर्यंत ८.

स्क्रीन दुकानाच्या दारात आणून, उजेडात बघा. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप; २५० निट्स आणि ३०० निट्स यांतला फरक तिथे लगेच दिसतो. रंगांच्या मापापुढे '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार.

कुठे घ्यायचा? "कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला गेलं की टॅक्स वाचतो", "गोव्यात स्वस्त पडतो" हे १ जुलै २०१७ च्या आधीचं बोलणं आहे. आता बेळगावात, कोल्हापुरात, पणजीत, सगळीकडे लॅपटॉपला जीएसटी १८ टक्केच. तिकडे दुकानदाराची सूट खरंच मोठी असेल तर जा, नाहीतर पेट्रोल जाळू नका. त्यापेक्षा 'ऑनसाइट', म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करतो ती, वॉरंटी तुमच्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, ते कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. 'कॅरी-इन' असेल तर बिघाड झाल्यावर यंत्र घेऊन हेलपाटे तुम्हालाच. दोन मॉडेलं अगदी तोडीस तोड निघाली, तर मी याच मुद्द्यावर निवडतो.

पैसे देण्याआधी बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम आणि सिरियल नंबर लिहून घ्या, आणि खोक्यावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबराशी काउंटरवरच जुळवा.