बिटकॉइनचं नाणं परदेशातून नागपुरात कसं आणावं

बिटकॉइन हा नुसता संगणकावरचा पैसा, आणि कॅसेशियस हे त्याची किल्ली आत दडवून विकलेल्या धातूच्या नाण्यांचं नाव. त्यातलं एक बिटकॉइनचं नाणं म्हणजे बहुधा पितळेचा गोल तुकडा. इतवारीच्या सराफ्यात तोलायला नेलं तर मोडीचा भाव मिळेल. खरा माल पाठीमागच्या होलोग्रामखाली असतो. तिथे इवल्याशा कागदावर गुप्त किल्ली छापलेली असते. ती ज्याला वाचता आली, त्याला त्या किल्लीच्या पत्त्यावरचं (पत्ता म्हणजे खातेक्रमांकासारखी अक्षरांची ओळ) बिटकॉइन जगात कुठूनही उचलता येतं, नाणं हातात नसलं तरी.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माइक काल्डवेल यांनी २०११ मध्ये ही नाणी काढली. २०१३च्या अखेरीस अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाने त्यांचा उद्योग पैसे हस्तांतराच्या धंद्यात मोडतो असं कळवलं, आणि त्यांनी भरलेली, म्हणजे पत्त्यावर बिटकॉइन टाकलेली नाणी विकणं थांबवलं. त्यामुळे मूळ नाणी आता वाढणार नाहीत, कमीच होतील, कारण होलोग्राम सोलून आतलं बिटकॉइन काढून घेणारे असतातच. लीलाना, फिनलंडचं डिनेरियम, चीनमधल्या बीटीसीसीची नाणी, असे इतरही प्रकार संग्राहक शोधतात. पर्यटनस्थळी शे-दोनशे रुपयांना मिळणारी ‘बी’ छापाची सोनेरी चकती यात धरू नका. तिच्यात किल्लीच नसते.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या खेपेला देशाबाहेरून मागवायचं नाणं सोललेलं किंवा कधीच न भरलेलं असावं. सोललेल्या कॅसेशियसलाही संग्राहकांत मागणी असते. ते हरवलं तर नाण्यापुरतं नुकसान होतं. भरलेलं नाणं हरवलं तर वाटेतला कुणीही किल्ली वाचून सगळं घेऊन जाऊ शकतो, आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, झालेला व्यवहार कुठलीही बँक उलटवत नाही. कस्टम, विमा, आयकर यांचे प्रश्नही किल्लीपाशीच गुंतागुंतीचे होतात.

पहिलं काम: नाणं खरं आहे का ते तपासणं

भरलेल्या कॅसेशियसच्या होलोग्रामवर आठ अक्षरं दिसतात. ती त्याच्या बिटकॉइन पत्त्याची पहिली आठ अक्षरं असतात. विक्रेत्याकडून पूर्ण पत्ता मागा, सुरुवात जुळते का पाहा, मग कोणत्याही ब्लॉक एक्सप्लोररवर (ही नोंदवही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) तो पत्ता टाका. शिल्लक किती, ती कधी जमा झाली आणि तिथून काही बाहेर गेलं का, हे तिन्ही दिसतं. बाहेर जाणारा एकही व्यवहार असेल तर किल्ली कुणीतरी वाचलेली आहे, मग होलोग्राम कितीही कोरा दिसो. विक्रेत्याने फक्त फोटो पाठवला आणि पत्ता टाळला, तर तिथेच बोलणं थांबवा.

होलोग्राम नीट न्याहाळा. सोलून परत चिकटवला तर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते आणि ती लपत नाही. पहिल्या मालिकेच्या होलोग्रामवर कॅसेशियसच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एस कमी आहे. नवखा माणूस ते पाहून नकली म्हणून परत करतो, पण ती चूक मूळ छपाईतलीच आहे आणि त्या मालिकेची ओळख मानली जाते. पुढच्या मालिकेत ती सुधारली गेली.

परीक्षण करून प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत दिलेलं नाणं मिळत असेल तर तेच घ्या. पीसीजीएस आणि अॅनॅक्स या अमेरिकी संस्था हे काम करतात. पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा, विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावर दाबून नको. आणि हे ध्यानात असू द्या, की परीक्षक नाण्याची अस्सलता आणि अवस्था सांगतो. बनवणाऱ्याने किल्लीची नक्कल स्वतःकडे ठेवली नाही, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तो विश्वास बनवणाऱ्याच्या नावावर आणि इतक्या वर्षांच्या इतिहासावर उभा असतो. म्हणूनच अनोळखी माणसाने काल-परवा काढलेलं ‘भरलेलं’ नाणं मी कधीच सुचवणार नाही.

विकत घेताना

हेरिटेज, स्टॅक्स बॉवर्स, ग्रेटकलेक्शन्स अशा लिलावगृहांतून ही नाणी विकली गेली आहेत. त्यांचं शुल्क जड वाटतं, पण बिल पक्कं मिळतं आणि पुढे तेच बिल कस्टम, विमा आणि आयकर तिन्हीकडे उपयोगी पडतं. खासगी विक्रेत्याकडून घेत असाल तर थेट व्हिडिओ कॉल करा, नाण्याशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवायला सांगा, आणि पैसे दोघांच्या विश्वासातल्या मध्यस्थाकडे ठेवा.

पैसे बँकेतून किंवा कार्डाने द्या. बिटकॉइनमध्ये पैसे चुकते केले, तर तुमचं बिटकॉइन तुम्ही हस्तांतरित केलं असं आयकर खातं धरतं. २०२२-२३ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही, एका मालमत्तेतला तोटा दुसरीच्या नफ्यात वळवता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. भरलेल्या नाण्यातलं बिटकॉइनही याच नियमांत येतं. त्यामुळे भरलेलं नाणं ठरवण्याआधी धरमपेठ असो की सक्करदरा, आपल्या सीएकडे बिल आणि पत्ता घेऊन बसा. नंतर विचारलं तर त्यांना फक्त निस्तरावं लागतं.

धातूही पाहा. दहा बिटकॉइनचं कॅसेशियस चांदीचं आहे, काही मोठी नाणी सोन्याची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली. सोन्या-चांदीच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत, आणि एखादं नाणं संग्रहाची वस्तू की मौल्यवान धातू हा वाद कस्टमच्या टेबलावर होऊ शकतो. घरबसल्या मागवायला पितळेचं नाणं बरं.

पार्सल

बहुतेक आंतरराष्ट्रीय कुरियर कंपन्यांच्या नियमांत नाणी, रोख आणि मौल्यवान धातू नाकारलेले किंवा अटींवर घेतलेले असतात. टपालखातीही कुठल्या देशात काय चालत नाही याची यादी देतात. विक्रेत्याला त्याच्या टपालखात्याची भारताविषयीची यादी वाचायला सांगा. नियम मोडून पाठवलेल्या पार्सलाचा विमा, हप्ता भरला असला तरी, मिळत नाही. किंमत मोठी असेल तर मल्का-अमित किंवा ब्रिंक्ससारख्या मौल्यवान मालाच्या वाहतूकदारांचा दर विचारा. घरपोच कुरियरपेक्षा ते महाग आहेत, पण मोठ्या किमतीच्या मालासाठी तोच रास्त मार्ग आहे.

कस्टमच्या कागदावर खरं लिहून घ्या: पितळी संग्राह्य नाणं, होलोग्रामसह, खरी किंमत, मूळ देश. विक्रेते मदत म्हणून ‘गिफ्ट, वीस डॉलर’ लिहितात. ते ठामपणे नाकारा. भेटवस्तू म्हणून करमाफी डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे. चुकीची किंमत दाखवली तर १९६२च्या सीमाशुल्क कायद्यानुसार माल जप्त होऊ शकतो, वर दंडही. आणि पार्सल हरवलं तर विमा कंपनी त्याच कागदावरचे वीस डॉलर हातावर ठेवेल.

पण बाहेरच्या खोक्यावर काहीच ओरडून सांगू नये. पाठवणाऱ्याच्या दुकानाच्या नावात कॉइन किंवा क्रिप्टो असेल तर त्याचं खासगी नाव चालेल का विचारा. पत्ता शक्यतो दिवसभर माणूस असलेल्या दुकानाचा किंवा कार्यालयाचा द्या, आणि सही केल्याशिवाय कुणाच्या हाती जाऊ नये अशी अट घाला.

पॅकिंगबद्दल लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. नाणं घट्ट बसणाऱ्या कडक कॅप्सूलमध्ये, ती फोममध्ये, फोम खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात. मऊ पीव्हीसीची पिशवी नको, ती पितळेला हिरवट डाग आणते. होलोग्रामला चिकटपट्टी लागू द्यायची नाही. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मागवू नका. पारा ४५ च्या वर असताना टिनाच्या गोदामात किंवा बंद गाडीत पडलेल्या पार्सलातल्या होलोग्रामचा गोंद सैल होऊ शकतो, आणि कड उचललेला होलोग्राम सोललेलाच वाटतो. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

पार्सल आल्यावर सही करण्याआधी चारही बाजू पाहा. पट्टी कापलेली दिसली तर घेऊन येणाऱ्याच्या नोंदीत शेरा लिहा, मगच घ्या. उघडण्यापासून नाणं हातात येईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. लगेच पत्त्यावरची शिल्लक पुन्हा बघा.

ठेवायचं कुठे

बँकेचं लॉकर सगळ्यांना सुचतं. तिथली मर्यादा माहीत असू द्या: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. चार हजार भाडं असेल तर चार लाख. भरलेल्या नाण्याला ते पुरत नाही, म्हणून वेगळा विमा घ्या आणि पॉलिसीत ‘संग्राह्य नाणं’ असं स्पष्ट नाव येऊ द्या.

घरातल्या एका विश्वासू माणसाला लेखी कळवून ठेवा: नाणं कुठे आहे, बिल कुठे आहे, कुठल्या सीएला विचारायचं, आणि हे सगळं समजेपर्यंत मागचा चकचकीत होलोग्राम कुणीही नखाने उचलून पाहायचा नाही.