कॅलिफोर्नियात नुकसानभरपाईचा छोटा दावा लावताना

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी पडून कुंपण मोडले आणि तो भरपाई देत नसेल, तर कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या) न्यायालयात, वकील उभा न करता, नुकसानीपासून ३ वर्षांच्या आत लावता येतो. आधी लेखी मागणी करून तिची प्रत ठेवावी, कारण पैसे मागितले होते का, हे अर्जातच विचारले जाते. नुसते नुकसान दाखवून भागत नाही, शेजाऱ्याचा निष्काळजीपणाही दाखवावा लागतो. फांदी वाळलेली होती आणि शेजाऱ्याला तसे कळवले होते, हे सांगणारा जुना संदेश माझ्या मते दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाइतकाच मोलाचा ठरतो. मोडतोड हलवण्यापूर्वी फांदीच्या पोकळ बुंध्याचे जवळून फोटो घ्यावेत. निकाल विरोधात गेल्यास दावा लावणाऱ्याला अपील करता येत नाही, म्हणून पहिल्याच सुनावणीला सर्व कागद सोबत न्यावेत.