आधुनिकपूर्व काळातील लेखिका कशा वाचाव्यात

सोळाव्या ते अठराव्या शतकातील एखादी लेखिका अभ्यासाला घेतली की आशय आणि शैलीकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हा मजकूर तिच्या हातून निघून आपल्यापर्यंत पोचला कसा? त्या काळी सुशिक्षित घरांतून बाईने लिहिणे चालून जाई, पण तिचे लिखाण चारचौघांत जाणे अनेकांना खटके. त्यामुळे मजकुराच्या प्रवासातच तिच्या लेखनाच्या अटी नोंदलेल्या सापडतात.

सुरुवातीला ॲन ब्रॅडस्ट्रीट घ्यावी, कारण तिच्या बाबतीत या प्रवासाचे टप्पे स्पष्ट दिसतात. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत राहणाऱ्या या कवयित्रीच्या कविता जॉन वुडब्रिज या तिच्या बहिणीच्या नवऱ्याने लंडनला नेल्या आणि १६५० मध्ये तिला न विचारता छापवल्या. पुस्तकाच्या आरंभीच्या निवेदनात तो वाचकांना खात्री देतो की हे लेखन एका स्त्रीचेच आहे, ती घरसंसार नीट सांभाळते, आणि या कविता म्हणजे झोपेतून व विश्रांतीतून काढलेल्या थोड्या तासांचे फळ आहे. अशी निवेदने, अर्पणपत्रिका आणि स्तुतिपर कविता ओलांडून पुढे जाऊ नये. कवितेसोबत कवयित्रीच्या वर्तणुकीचा दाखला कोणाला आणि का जोडावासा वाटला, हे तिथेच कळते. त्यानंतर तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १६७८ मध्ये बॉस्टनला निघालेली सुधारित आवृत्ती शेजारी ठेवावी. तिच्यात आपल्या पुस्तकाला उद्देशून लिहिलेली एक कविता आहे. त्यात ती पुस्तकाला आपले ओबडधोबड मूल म्हणते, त्याचा चेहरा धुते, एक डाग घासावा तर दुसरे वैगुण्य उमटते, आणि पावले सारखी व्हावीत म्हणून त्याचे सांधे ताणते. ही पावले छंदाचीही आहेत, कारण इंग्रजीत ‘फीट’ म्हणजे पावले आणि कवितेच्या ओळीचे लयबद्ध तुकडेही. लाजेचा सूर लावून लिहिलेल्या या ओळींत आपले लेखन बारकाईने तपासणारी एक कसलेली कवयित्री बोलते आहे.

म्हणून नम्रतेचे शब्द आले की त्यांवर लगेच विश्वास ठेवू नये आणि त्यांना ढोंगही ठरवू नये. त्या शब्दांच्या आडून काय मांडले आहे ते पाहावे. मेक्सिकोतील जोगीण सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिने एका प्रवचनावर केलेली टीका पुएब्लाच्या बिशपने १६९० मध्ये छापली, आणि सोबत ‘सोर फिलोतेआ’ या स्त्रीनावाने तिला पत्र लिहून धार्मिक अभ्यासाकडे वळण्याचा उपदेश केला. १६९१ च्या उत्तरात ती स्वतःला अज्ञानी म्हणवते, आपण इतरांच्या आग्रहावरूनच लिहिले असे सांगते, आणि त्याच पत्रात विदुषींची लांबलचक परंपरा उभी करते. अंडे तुपात वा तेलात घट्ट होते पण पाकात फुटून विखुरते, हे निरीक्षण नोंदवून ती म्हणते की ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी पुष्कळ लिहिले असते. हे वाक्य कितीही गोड वाटले तरी ते सुटे उचलू नये; ज्ञानावरील हक्काच्या सलग युक्तिवादात त्याची जागा आहे आणि तिथेच ते वाचावे.

केवळ छापील पुस्तकांवर विसंबले तर मोठा भाग हातचा जातो. हेस्टर पुल्टर या इंग्रज कवयित्रीच्या सतराव्या शतकातील कवितांचे हस्तलिखित लीड्सच्या ग्रंथालयात १९९६ मध्ये लक्षात आले. गुलबदन बेगमने अकबराच्या सांगण्यावरून लिहिलेल्या हुमायूनच्या आठवणी एकाच ज्ञात हस्तलिखितात उरल्या आहेत, आणि ते वाक्याच्या मध्येच तुटते.

मौखिक परंपरेतील रचनांसाठी वाचनाची रीत थोडी बदलावी लागते. शिऊरच्या संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंग वाचताना (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यानंतर सुमारे दोन शतकांनी जन्मल्या) प्रत्येक अभंगात बोलते कोण आणि ऐकते कोण, हे टिपत जावे. देहावसानाच्या सुमारास त्या पुत्र विठोबाला आपल्या मागील बारा जन्मांची हकिगत सांगतात. तिथे त्या एकाच वेळी आई आणि परमार्थातल्या अधिकारी व्यक्ती म्हणून बोलतात, आणि या दुहेरी नात्यामुळे तो भाग विलक्षण झाला आहे.

शेवटी हातातल्या आवृत्तीकडे वळावे. तंजावरच्या दरबारातील मुद्दुपळनीने अठराव्या शतकात तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य रचले. पुढे १८८७ मध्ये ते छापताना तिने आपल्या घराण्याची, विशेषतः त्यातील लेखन करणाऱ्या स्त्रियांची, दिलेली माहिती गाळली गेली. गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी १९१० मध्ये पूर्ण पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रिटिश सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली त्यावर बंदी घातली आणि ती १९४७ पर्यंत टिकली. तेव्हा आपल्या टिपणात संपादकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, मूळ प्रत कोणती आणि काय वगळले, या गोष्टी लेखिकेच्या नावाशेजारीच लिहाव्यात, आणि दुसरी आवृत्ती मिळाली की गाळलेली जागा पहिल्यांदा उघडावी.