साथीच्या काळात सीमाभागातील गावाने सरकारी आदेश कसे वाचावेत आणि कसे राबवावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा कागवाड तालुक्यातील गावाला साथीच्या काळात दिल्ली, बेंगळुरू आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशा तीन ठिकाणांहून आदेश येतात, आणि शिवारापलीकडे महाराष्ट्राचा चौथाच आदेश लागू असतो. त्यामुळे पंचायत सदस्य, पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), आशा कार्यकर्त्या आणि युवक मंडळाचे दोन-तीन जण यांनी एकत्र बसून कोणता अधिकार कोणाचा हे आधी समजून घ्यावे. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या अखत्यारीतील विषय आहे, तर आंतरराज्य विलगीकरण संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत येते. म्हणून खाटा, औषधे आणि दुकानांच्या वेळा यांबाबत दाद बेंगळुरूकडे व जिल्ह्याकडे मागावी. सीमा बंद झाली तर मात्र केंद्राचा त्या वेळचा आदेश काय सांगतो हे प्रथम पाहावे.

देशाच्या नेत्याचे भाषण आणि सरकारचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली आणि देशभर अनेक ठिकाणी लोक त्याच रात्री किराणा दुकानांपुढे गर्दी करून उभे राहिले. वस्तुतः आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली त्याच दिवशी निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत रेशन, किराणा, दूध आणि औषधे यांना सूट दिलेली होती. घोषणेबरोबरच ही यादी ठळकपणे लोकांपुढे येणे ही नेतृत्वाची जबाबदारी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती यादी आपल्या गल्लीत पोहोचवणे हे काम गावालाच करावे लागते. त्यासाठी भाषण ऐकताच दवंडी देऊ नये, लेखी आदेश हाती येईपर्यंत थांबावे.

आदेश बहुधा कन्नडमध्ये येतो, आणि येथेच सर्वाधिक काळजी लागते. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या शिक्षकाकडून त्याच दिवशी मराठी मजकूर तयार करून घ्यावा, तो पीडीओंना दाखवावा आणि मगच फलकावर लावावा. ‘अत्यावश्यक सेवा सुरू राहतील’ एवढे लिहून भागत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कर्नाटकात जीवनावश्यक वस्तूंच्या दुकानांना सकाळी ६ ते १० ही वेळ होती. अशा वेळी फलकावर आदेशाचा क्रमांक, तारीख, दुकानांची वेळ, शेतकामाला व दूध घालायला जाण्याची मुभा, आदेशाची मुदत आणि आशा कार्यकर्तीचा फोन क्रमांक एवढे तरी ठळक अक्षरांत असावे. नवा आदेश आला की जुना फलक काढून टाकावा, कारण दोन फलक शेजारी राहिले की लोक आपल्या सोयीचा वाचतात.

सीमा ओलांडणाऱ्यांची यादी साथ येण्यापूर्वीच तयार असावी. डायलिसिससाठी मिरजेला जाणारे रुग्ण, सीमेपलीकडील शिनोळीच्या कारखान्यांतील कामगार आणि पलीकडे शेत असलेले शेतकरी यांची नोंद पंचायतीत असली, तर तहसीलदारांकडे परवान्यासाठी धावपळ करावी लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आंतरराज्य वाहतूक अडवू नये असे राज्यांना कळवले होते, तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकात महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल मागितला जाऊ लागला आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी सुरू झाली. म्हणून रुग्णासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, पुढील तपासणीची तारीख आणि दोन्ही राज्यांच्या ताज्या आदेशांच्या प्रती द्याव्यात.

मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांना शाळेत ठेवायचे झाल्यास पाणी, शौचालय आणि जेवण यांचा खर्च कोण करणार हे अगोदर लेखी ठरवावे. त्यांना गुन्हेगारासारखे वागवू नये, ती आपलीच माणसे आहेत.

अडचण राहिली तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, त्यामुळे अर्ज मराठीत लिहावा, कामाला वेग यावा म्हणून सोबत कन्नड प्रत जोडावी आणि दोन्हींवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी.