चप्पल घालताना सांगितलेली केस

दादर पश्चिमेला, फुलमार्केटच्या गोंगाटापासून दोन गल्ल्या आत माझी खोली आहे. तिथे मी थेरपिस्ट म्हणून क्लायंट बघते आणि मंगळवारी-शुक्रवारी नव्या थेरपिस्टना सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांच्या केसेस ऐकून त्यांना कामात मदत करते. सुरुवातीला मला वाटायचं, सुपरव्हिजन म्हणजे समोरच्याच्या सेशनच्या नोंदी तपासणं. मी त्या लाल पेनाने तपासायचे. आई शाळेत शिक्षिका होती, लाल पेनं घरात पडलेलीच असायची.

डोंबिवलीहून एक नवी थेरपिस्ट मुलगी यायची. तिची एक केस तीन आठवडे ‘छान चालली’ होती. चौथ्या आठवड्यात तास संपला, ती दारात वाकली आणि सँडलच्या बक्कलकडे बघतच म्हणाली, "मॅडम, त्या बाई दोन आठवडे आल्याच नाहीयेत. मी त्यांच्यावर वैतागले होते." हे आधी का नाही सांगितलंस, असं पुढच्या वेळी विचारलं, तर तिने वही उघडून माझे लाल गोल दाखवले. "यावर पण एक आला असता ना."

तर तुम्हीही सुपरव्हिजन देणार असाल, तर पहिलं काम म्हणजे लाल पेन घरी ठेवा. जी चूक तुमच्यापर्यंत पोचतच नाही, तिच्यावर तुमचं सगळं ज्ञान वाया.

पहिल्या भेटीत केस घेऊच नका. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली सुपरव्हिजनमधल्या नात्याबद्दल लिहिताना तीन गोष्टी धरल्या होत्या: कशासाठी भेटतोय, त्यासाठी कोण काय करणार, आणि दोघांमधला जिव्हाळा. आपल्याकडे तिसऱ्यावरच सगळी भिस्त. चहा पाजला, ‘घरच्यासारखं समज’ म्हटलं की झालं! मी आधी रोकडं बोलते. फी किती, कधी द्यायची, जुलैत गाड्या बंद पडल्या तर तास फोनवर घ्यायचा की पुढे ढकलायचा. तिच्या कामाचा अहवाल मी कुणाला देणार असेन तर तेही तेव्हाच सांगते, आणि कशावरून जोखणार ते कागदावर दाखवते. हे लपवून ‘मोकळेपणाने बोल’ म्हणणं म्हणजे फसवणूक आहे. क्लायंट जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर मंगळवारची वाट बघायची नाही. रात्री कुणाला फोन करायचा ते लिहून ठेवायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, म्हणून आपण केस सुपरव्हिजनमध्ये मांडतो हे थेरपिस्टने क्लायंटला आधीच सांगितलेलं असावं. आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती आली, तर पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. ही वेळ येण्याआधी दोघींना ते ठाऊक हवं.

मग तू की तुम्ही? बारीक वाटेल, पण मराठीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न चुकत नाही. मी तिला ‘तू’ म्हणायचं आणि तिने मला ‘मॅडम’, यात ‘हो मॅडम’ हे उत्तर आधीच ठरलेलं असतं. मी विचारून घेते. काहींना ‘तू’ आवडतं, काहींना अपमान वाटतो. माझ्याहून वयाने मोठे एक गृहस्थ निवृत्तीनंतर समुपदेशक झाले, त्यांच्याशी आमचं दोन्हीकडून ‘तुम्ही’च, आणि उत्तम चाललं.

केस ऐकताना सल्ला लांबवा. मी सेशनमधल्या सहाच ओळी मागते: क्लायंट काय म्हणाला, तू काय म्हणालीस, शब्द न शब्द. त्या सहा ओळींत जे सापडतं, ते वीस मिनिटांच्या गोषवाऱ्यात सापडत नाही. डोंबिवलीच्या मुलीच्या सहा ओळींत बाई म्हणाल्या होत्या, "सासूबाईंना विचारून सांगते," आणि हिने उत्तर दिलं होतं, "किती दिवस विचारत राहणार?" वाचतानाच तिचा आवाज चढला. मी एवढंच विचारलं, हे वाक्य क्लायंटला होतं की आणखी कुणाला? ती बराच वेळ गप्प होती. पुढचं घरचं सगळं मी विचारलं नाही. खोलीत जेवढं शिरलं तेवढंच माझं. बाकीचं तिच्या स्वतःच्या थेरपिस्टकडे.

कधी क्लायंट-थेरपिस्टमधला खेळ सुपरव्हिजनमध्येही चालू होतो. हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने हे 1955 सालीच टिपलं होतं. एक मुलगा माझ्या प्रत्येक सूचनेला "हो, पण..." म्हणायचा. पाचवी सूचना देताना मला घाम फुटला, तेव्हा विचारलं, "तुझा क्लायंटही असंच करतो का?" तो हसायलाच लागला. मात्र हे हत्यार जपून वापरा. पुष्कळदा सूचनाच टाकाऊ असते.

तुमचं चुकलं तर साध्या शब्दांत माफी मागा, त्याचं प्रवचन करू नका. त्या वहीबद्दल मी मागितली, तेव्हा ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त अवघडली.

आता माझा तास साठ मिनिटांचा असला तरी पंचेचाळिसाव्या मिनिटाला मी म्हणते, "चप्पल घालताना जे सांगणार आहेस, ते आत्ता सांग." पंधरा मिनिटं त्यासाठीच राखलेली असतात. कधी काहीच निघत नाही, मग लवकर सोडते.

खोलीबाहेर मात्र केस संपली. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट नाही, लेडीज डब्यात तर नाहीच. नाव बदललं तरी ‘मुलुंडची, दोन मुलं, नवरा बँकेत’ एवढ्यावर चौथ्या सीटवरची बाई ओळखते. कधी आम्ही दोघी बरोबर दादर स्टेशनपर्यंत चालत जातो, तेव्हा विषय एकच: कल्याण फास्ट कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागतेय.