संकरित वळू लावताना रक्ताचा हिशेब

संकरित गाय माजावर आली की तिला शुद्ध जर्सी किंवा एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन) रेत भरायचं की संकरित वळू लावायचा, हा प्रश्न गोव्यातल्या प्रत्येक गोठ्यात येतो. शुद्ध रेताने विदेशी रक्त, म्हणजे विदेशी जातीचा वाटा, चढत जातं. 50 टक्क्यांच्या गायीला 75 टक्क्यांची कालवड होते, तिला पुढे 87.5 टक्क्यांची. अशी कालवड मे महिन्यातल्या दमट उकाड्यात धापते, खाणं सोडते, गोचीडतापाला लवकर बळी पडते आणि वारंवार उलटते, म्हणजे रेत भरूनही गाभण राहत नाही. म्हणून विदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांत ठेवायचं. तिथे ते टिकवायला संकरित वळू हाच सरळ उपाय.

वासराचं रक्त म्हणजे वळू आणि गाय यांच्या टक्केवारीची सरासरी. संकर-जोम, म्हणजे वेगळ्या जाती एकत्र आल्याने वासराला मिळणारी जादा ताकद, मात्र वेगळा मोजावा लागतो. वळूचं विदेशी रक्त गुणिले गायीचं देशी, अधिक वळूचं देशी गुणिले गायीचं विदेशी. शुद्ध जर्सी वळू आणि देशी गाय यांच्या पहिल्या पिढीत जोम पूर्ण, म्हणजे 1. दोघेही 50 टक्क्यांचे असतील तर 0.5. शुद्ध वळू 75 टक्क्यांच्या गायीला लावला तर फक्त 0.25, पण त्याच गायीला 50 टक्क्यांचा वळू लावला तर पुन्हा 0.5. 50 टक्क्यांच्या वळूची ही खुबी आहे: गाय कितीही टक्क्यांची असो, निम्मा जोम मिळतोच, कारण त्याच्या बीजात प्रत्येक जनुक निम्म्या वेळा देशी आणि निम्म्या वेळा विदेशी येतं.

पहिल्या पिढीनंतर जोम एकदा घसरतो, पुढे जवळच्या नात्यातलं रेतन टाळलं तर तिथेच थांबतो. मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांनी याच आधारावर नव्या जाती स्थिर केल्या. टेक्सासच्या किंग रँचवरील सांता गर्ट्रुडिसमध्ये 5/8 शॉर्टहॉर्न आणि 3/8 ब्राह्मन आहे, म्हणजे जोम सुमारे 0.47. दुधाच्या गायींतही तेच: राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणी या संकरित गायीत 50 टक्के एचएफ, 25 जर्सी, 25 गीर. तीन जाती असल्याने हिशेब 0.625 वर जातो.

आता वळू निवडताना होणारी मोठी चूक. पहिल्या पिढीचा पाडा अंगाने भरदार दिसतो आणि त्याची आईही भरपूर दूध देते, पण त्या दोघांतला जोमाचा वाटा पोरांना पूर्ण मिळत नाही. म्हणून आईचं दूध त्याच पिढीच्या, त्याच गोठ्यातल्या गायींशीच ताडून पाहा. विकत आणलेल्या पाड्याच्या आईबापाचं रक्त नोंदीत नसेल तर तो घेऊ नका, रंगावरून टक्केवारी कळत नाही. कानातल्या 12 अंकी बिल्ल्याच्या नोंदीसोबत बापाचा क्रमांक आणि टक्केवारी वहीत लिहून ठेवा.

संकरित वळूंत रेत कमकुवत निघण्याचं प्रमाण खरंच जास्त असतं. त्यामुळे लावण्याआधी पशुवैद्याकडून अंडकोषाचा घेर, शुक्राणूंची हालचाल आणि ठेवण तपासून घ्या. मांसल जातींसाठी 24 महिन्यांनंतर घेर किमान 34 सेंटिमीटर, हालचाल किमान 30 टक्के आणि निरोगी ठेवणीचे शुक्राणू किमान 70 टक्के धरतात. नैसर्गिक रेतनात ब्रुसेलोसिस आणि क्षय यांची चाचणी चुकवू नका. एचएफ रक्ताच्या वळूची बीएलएडी आणि सिट्रुलिनेमिया या आनुवंशिक आजारांसाठी जनुकीय तपासणीही हवी.

वळू लागू केल्याला दोन वर्षं झाली की बदला. 9 महिने गाभणकाळ आणि 15 ते 18 महिन्यांत कालवड माजावर, म्हणजे तोवर त्याच्या स्वतःच्या मुली त्याच्यासमोर उभ्या राहतात. बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं (जवळच्या नात्यातल्या रेतनाचं) प्रमाण 25 टक्के होतं, आणि जपून मिळवलेला जोम तिथेच जातो.

श्वेतकपिला गायीला मात्र यातला कोणताही वळू लावू नका. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असलेली ही गोव्याची नोंदणीकृत जात आहे. तिला श्वेतकपिलाचाच वळू हवा.